पाडण्यासाठी बांधलेलं टोकियो

१९५४ सालच्या पहिल्या ‘गॉडझिला’ या जपानी सिनेमात तो महाकाय राक्षस दुसऱ्या खेपेला टोकियोवर चालून येतो, तेव्हा त्याला अडवायला उच्चदाबाच्या विजेच्या तारांची रांग उभी केलेली असते. तो तारांना भिडतो, ठिणग्या उडतात, त्याला काडीचाही फरक पडत नाही. मग तोंडातून पांढरा झोत सोडतो आणि ते पोलादी मनोरे हळूहळू मऊ पडत कमरेतून वाकतात. हे मनोरे मेणाचे होते. स्टुडिओतले प्रखर दिवे आणि गरम हवा यांच्या जोरावर ते खरोखरच वितळवले आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. मेणाचा मनोरा एकदा वितळला की वितळला. पुन्हा टेक हवा असेल तर नवा मनोरा ओतायचा, नव्याने रंगवायचा, नव्याने तारा ओढायच्या.

मी पुण्यात आर्किटेक्चरल मॉडेल्स बनवते. बिल्डरच्या सेल्स ऑफिसमध्ये काचेच्या पेटीत जी सोसायटी दिसते, छोट्या गाड्या, स्पंजची झाडं, रात्री पेटणाऱ्या खिडक्या, ते आमचं काम. ॲक्रिलिक, सनबोर्ड, एमडीएफ, लेझर कटिंग, आणि शेवटी हातात कटर घेऊन बसणं. त्यामुळे जपानी महाकाय राक्षसांचे सिनेमे, ज्यांना तिकडे ‘कायजू’ म्हणतात, मी बघते ते आधी शहराकडे बघत. राक्षस नंतर. आणि सत्तर वर्षं झाली तरी हे सिनेमे का बघवतात, नव्या पोरांना का ओढतात, याचं उत्तरही मला त्या शहरातच सापडतं. राक्षस सगळ्या देशांनी केले. पाडण्यासाठी इतक्या जीव ओतून शहर दुसऱ्या कोणी बांधलं नाही.

हिशेबापासून सुरुवात करते, कारण तो फार सुंदर आहे. पहिल्या सिनेमातला गॉडझिला ५० मीटर उंचीचा. सिनेमा काढणाऱ्या तोहो स्टुडिओत शहराचं मॉडेल बांधलं १:२५ या स्केलला. म्हणजे राक्षस झाला दोन मीटरचा. सूट घातलेला माणूस बरोबर तेवढाच भरतो. आता शहराकडे या. त्या काळी टोकियोत इमारतींच्या उंचीवर ३१ मीटरची, जुन्या जपानी मापात साधारण १०० शाकूंची, मर्यादा होती, आणि ती १९६०च्या दशकापर्यंत टिकली. ३१ मीटरची इमारत १:२५ला येते १२४ सेंटिमीटरची. दोन मीटरच्या माणसाच्या छातीपर्यंत. म्हणून गॉडझिला टोकियोतल्या गिंझा या बाजारपेठेतून चालतो तेव्हा त्याचं डोकं आणि खांदे सगळ्या छपरांच्या वर दिसतात, आणि रस्त्यावरच्या माणसाला इमारतींच्या ओळीमागून तो येताना दिसतो. मी गिंझाच्या चौकात उभी राहून वाको या दुकानाच्या घड्याळाच्या इमारतीकडे वर बघितलं होतं, तेव्हा हेच गणित मनात चाललं होतं. १९३२ सालची ती इमारत अजून तिथेच आहे. सिनेमात गॉडझिला तिचं घड्याळ मोडतो, आणि मालकांना ते मुळीच आवडलं नव्हतं म्हणतात.

खरं तर एजी त्सुबुराया यांना हे असं करायचंच नव्हतं. ते तोहोचे स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख. १९३३ सालच्या ‘किंग काँग’ने ते भारावून गेले होते, आणि त्यांनाही तसंच बाहुलं एकेक फ्रेम हलवून राक्षस जिवंत करायचा होता. पण तसं करायचं तर सात वर्षं लागतील असा अंदाज निघाला, आणि सिनेमा पडद्यावर हवा होता त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात. मग सूट आला. सूट आला म्हणून स्केल मोठं ठेवणं भाग पडलं. स्केल मोठं ठेवलं म्हणून शहर असं बांधता आलं की कॅमेरा थेट रस्त्यात नेऊन ठेवावा. एका अडचणीतून हा सगळा प्रकार जन्माला आला, आणि पुढची पन्नास वर्षं जपानी लोकांनी तो सोडला नाही. ‘तोकुसात्सु’ म्हणजे तिकडचं हे हाताने केलेलं ट्रिक-चित्रीकरण. त्याचा पाया इथे पडला.

त्सुबुराया काही नवशिके नव्हते. युद्धाच्या काळात, १९४२ साली, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा प्रचारपट निघाला होता. त्यातलं बंदर आणि जहाजं यांची मॉडेल्स त्यांनी उभारली होती. युद्ध हरल्यावर अमेरिकन अंमलात अशा कामांमुळे त्यांना काही वर्षं स्टुडिओतून बाहेर बसावं लागलं. ज्या हातांनी शत्रूच्या बंदराची प्रतिकृती करून ती उडवली, त्याच हातांनी १९५४ साली स्वतःच्या राजधानीची प्रतिकृती केली आणि ती जाळली. हे मला कधीही सहज वाटून जात नाही. मॉडेल बनवणाऱ्याला प्रत्येक खिडकी मोजावी लागते. आपलं शहर असं मोजायचं, आणि ते आधी एकदा जळालेलं डोळ्यांनी पाहिलेलं असायचं.

१० मार्च १९४५च्या रात्री टोकियोवर आगीचे बॉम्ब पडले आणि एक लाखाच्या आसपास माणसं गेली. सिनेमा आला त्याला साडेनऊ वर्षंच झाली होती. थिएटरात बसलेल्यांपैकी कित्येकांनी ती आग अंगावर घेतली असणार. दिग्दर्शक इशिरो होंडा स्वतः सैनिक होते. चीनमध्ये कैदेत राहून १९४६ साली परतले आणि येताना हिरोशिमातून आले. त्यात १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि ‘फुकुर्यू मारू’ या मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. नौकेवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा सप्टेंबरात गेले. ३ नोव्हेंबरला ‘गॉडझिला’ लागला. त्याचं पहिलंच दृश्य समुद्रातल्या एका बोटीचं: डेकवर खलाशी निवांत बसलेत, वाद्य वाजतंय, आणि पाण्यात डोळे दिपवणारा प्रकाश. त्या वर्षी जपानमध्ये हे दृश्य कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

पुढे लोकल गाडीत काही माणसं बोलत असतात. किरणोत्सारी मासे, किरणोत्सारी पाऊस, आता हे नवीन संकट. एक बाई सहज म्हणून जाते की नागासाकीतून जेमतेम जीव वाचवून आले, आता इथे हे. एवढंच. संवाद पुढे सरकतो. आणि गॉडझिला शहर जाळत असताना गिंझात एका इमारतीच्या पायथ्याशी एक आई दोन-तीन लेकरांना कुशीत घेऊन बसलेली असते. आता लवकरच आपण बाबांकडे जाणार, असं ती त्यांना सांगते. बाबा कुठे आहेत हे सिनेमा सांगत नाही, त्याची गरजही नाही. राक्षसाच्या सिनेमात हे दृश्य कशाला, असं मला एकाने विचारलं होतं. मला वाटतं, त्या दृश्यासाठीच राक्षस आहे.

आता सूटमधल्या माणसाकडे येते, कारण लोक सगळ्यात जास्त थट्टा त्याचीच करतात.

हारुओ नाकाजिमा. १९५४ ते १९७२ या काळात बारा सिनेमांमध्ये ते गॉडझिला होते. पहिला सूट बांबू, तार, कापड आणि रबर यांचा. वजन १०० किलोच्या घरात. तो घालून जेमतेम दहा मीटर चालता यायचं, म्हणून तो पुढे कापून फक्त पायांच्या किंवा वरच्या अंगाच्या शॉट्ससाठी वापरला आणि हलका दुसरा केला. जनावराचं वजन अंगात कसं आणायचं हे शिकायला नाकाजिमा उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघत बसायचे. सूट काढल्यावर आतून घाम ओतून काढावा लागे. २०१७ साली ८८व्या वर्षी ते गेले.

हा घाम नुसता मेहनतीचा नव्हता. त्यामागे भौतिकशास्त्र आहे, आणि आमच्या धंद्यात कोणी विचारलं तर मी ते कागदावर मांडून दाखवते. ३१ मीटरवरून एखादा दगड सोडला तर जमिनीवर पोचायला त्याला अडीच सेकंद लागतात. १२४ सेंटिमीटरवरून सोडला तर अर्धा सेकंद. म्हणजे १:२५च्या मॉडेलमध्ये सगळं पाच पट लवकर पडतं. भिंत कोसळते ती खेळण्यासारखी टपकन. डोळ्याला ते लगेच कळतं, कारण जड वस्तू कशी पडते हे लहानपणापासून आपल्या अंगात मुरलेलं असतं. यावर उपाय एकच: कॅमेरा नेहमीपेक्षा कितीतरी जोरात चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवायचं. पडझड संथ होते, वजन येतं. पण कॅमेरा जोरात पळाला की प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमी मिळतो. मग दिवे वाढवा. दिवे वाढले की उष्णता वाढते. आणि त्या उष्णतेत रबराच्या सूटमध्ये एक माणूस कोंडलेला. शिवाय चित्रण संथ दिसणार, म्हणून त्याने प्रत्यक्षात चपळाईने हलायला हवं, तो जड सूट अंगावर घेऊन. पडद्यावर जे वजन आपल्याला जाणवतं त्याची किंमत तिथे कोणीतरी मोजलेली आहे.

स्केलला न जुमानणाऱ्या दोनच गोष्टी, पाणी आणि आग. इमारत पंचवीस पट लहान करता येते, थेंब लहान करता येत नाही. ज्वाळेचंही तेच. म्हणून जुन्या कायजूपटांत समुद्रातली दृश्यं आली की बोट खेळण्यातली वाटते, हे मला मान्य आहे. तोहोने १९६० साली आवारात एक प्रचंड हौद बांधला तो याचसाठी, बोटी जेवढ्या मोठ्या तेवढे थेंब खरे वाटतात. त्या हौदातून किती राक्षस वर आले असतील! २००४ साली तो पाडला.

माझा भाचा नववीत आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आला तेव्हा आम्ही १९६४ सालचा, गॉडझिलाच्या मोथ्रा या महाकाय पतंगाबरोबरच्या लढाईचा सिनेमा लावला. पाच मिनिटांत म्हणाला, “मावशी, आत माणूस आहे ना? दिसतंय की सरळ.”

“दिसतंयच. मग?”

“मग भीती कशी वाटणार?”

मी त्याला नागोयाच्या किल्ल्यापाशी थांबवलं. गॉडझिला किल्ल्यावर चाल करून जातो ते दृश्य. तिथला किस्सा असा: किल्ल्याचं मॉडेल इतकं मजबूत झालं होतं की नाकाजिमांनी जोर लावूनही ते नीट कोसळेना. शेवटी किल्ला पुन्हा, जरा ठिसूळ असा, बांधून दृश्य परत घेतलं. आणि हे करणाऱ्यांना सगळ्यांना माहीत होतं की खरा नागोयाचा किल्ला १९४५च्या बॉम्बफेकीत जळाला होता आणि १९५९ साली काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला होता. सिनेमाच्या आधी अवघी पाच वर्षं. नवा कोरा किल्ला. त्याच्या मॉडेलच्या कारागिराच्या हातून तो जरुरीपेक्षा पक्का झाला, याचं मला तरी अजिबात नवल वाटत नाही.

आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करतात तेव्हा पोरं माती कालवून बुरूज थापतात, हळीव पेरतात, मावळे मांडतात, आणि सुट्टी संपली की तोच किल्ला मोडायचा असतो. मोडणारा तोच, बांधणारा तोच. ज्याने तो केला आहे त्यालाच नेमकं ठाऊक असतं की पहिला घाव कुठे घातला म्हणजे बुरूज सुरेख ढासळेल. त्सुबुराया यांच्या कारागिरांचं कसब तिथेच होतं. इमारती आतून पोकळ, पातळ प्लास्टरच्या, ठरलेल्या ठिकाणी आधीच कमकुवत केलेल्या. बाहेरून खिडकी न् खिडकी, पाटी न् पाटी खऱ्याबरहुकूम. मी करते त्या मॉडेलमध्ये सांधा दिसू नये म्हणून जिवाचं रान करावं लागतं. त्यांना सांधा लपवायचाही होता आणि ऐन वेळी तो उघडायलाही हवा होता. हे आमच्या कामाच्या दुप्पट अवघड आहे.

भाच्याला भीती वाटली की नाही ते मी विचारलं नाही. पण नंतर तो तो भाग मागे-पुढे करत चौकट न् चौकट बघत बसला होता, आणि मोबाइलवर नागोयाच्या खऱ्या किल्ल्याचे फोटो काढून ताडून बघत होता.

आवाजाबद्दल लिहायचं राहून जाईल म्हणून इथेच लिहिते. संगीतकार आकिरा इफुकुबे. होक्काइदोचे, वनशास्त्र शिकलेले, तिथल्या आइनू लोकांच्या संगीताचे संस्कार असलेले. गॉडझिलाची ती डरकाळी कुठल्याही प्राण्याची नाही. कॉन्ट्राबास नावाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारा ढिल्या करून, राळ लावलेल्या चामड्याच्या हातमोज्याने त्या ओढून तो आवाज काढला आणि पुढे त्याचा वेग कमी केला. वाद्याचा आवाज असल्यामुळे त्यात रागाइतकंच काहीतरी कळवळणारं आहे. पार्श्वसंगीताची ती ठेक्याची धून मूळची सैन्यासाठी, राक्षसाशी लढणाऱ्यांसाठी बांधलेली. लोकांनी ती राक्षसालाच बहाल केली. आजही ती वाजली की अंगावर काटा येतो, हेडफोन लावून काम करत असले तर कटर खाली ठेवावा लागतो.

साठच्या दशकात हे सगळं पोरांचं झालं. गॉडझिला पृथ्वीचा रक्षक बनला, नाचला, तीन डोक्यांच्या किंग गिदोराशी लढला. १९६५ साली दुसऱ्या स्टुडिओने, दाइएइने, गामेरा नावाचं उडणारं कासव आणलं. १९६६ साली त्सुबुराया यांच्याच कंपनीने टीव्हीवर राक्षसांशी लढणारा अल्ट्रामॅन आणला आणि दर आठवड्याला घरबसल्या एक राक्षस मिळू लागला. मी या काळातले बरेच सिनेमे बघितलेत. खरं सांगायचं तर पुन्हा बघावेत असे थोडेच. १९६१चा ‘मोथ्रा’ मात्र जरूर बघा. टोकियो टॉवर १९५८ साली उभा राहिला, ३३३ मीटर, देश पुन्हा उभा राहिल्याची खूण म्हणून. तीनच वर्षांत तोहोने तो मोडला आणि एका प्रचंड अळीने त्याला टेकून आपला कोष विणला. आणि १९७१चा ‘हेदोरा’, कारखान्यांच्या घाणीतून जन्मलेला चिखलाचा राक्षस. जपानमध्ये प्रदूषणाने माणसं आजारी पडत होती त्या वर्षांतला. तो सिनेमा विस्कळीत आहे, मध्येच कार्टून येतं, पण त्याचा संताप खरा आहे.

माझी तक्रार आहे ती पुढच्या काळाबद्दल, आणि ती अगदी धंद्यातली आहे. १९६८ साली टोकियोत १४७ मीटरची कासुमिगासेकी इमारत उभी राहिली, मग शिंजुकूत एकामागून एक गगनचुंबी इमारती. ५० मीटरचा गॉडझिला त्यांच्यात उभा केला तर पार्किंगमधला पाहुणा दिसला असता. म्हणून १९८४ साली तो परत आला तेव्हा ८० मीटरचा झाला, आणि १९९१ साली १०० मीटरचा. सूटमधला माणूस मात्र दोन मीटरचाच. म्हणजे मॉडेलचं स्केल १:४० आणि मग १:५०वर घसरलं. ज्यांनी कधी हे काम केलंय त्यांना यात काय गेलं ते लगेच कळेल. १:२५ला दुकानाची पाटी वाचता येते, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे लावता येतात, खिडकीमागे पडदा देता येतो. १:५०ला खिडकी म्हणजे काळा चौकोन. रस्ता गेला, दुकानं गेली, माणसं राहतात त्या उंचीवरचं सगळंच गेलं. १९९१च्या सिनेमात केंझो तांगे यांनी रचलेली, तेव्हा नुकतीच बांधून झालेली टोकियो महापालिकेची २४३ मीटरची जुळी इमारत पाडली जाते. १:५०लासुद्धा ती जवळजवळ पाच मीटर भरते, माणसाच्या डोक्यावरून कुठच्या कुठे. दृश्य भव्य आहे. पण तिथे आई लेकरांना घेऊन बसू शकेल अशी जागाच उरलेली नाही.

यातून वाट काढली ती गामेराने. १९९५ ते १९९९ या काळात शुसुके कानेको यांनी तीन सिनेमे केले आणि त्यांचे इफेक्ट्स शिंजी हिगुची यांनी. हिगुची यांनी कॅमेरा पुन्हा खाली, माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणला. विजेच्या तारा, घरांची कौलं, गल्लीच्या टोकाला दिसणारा एक पाय. मॉडेल बाहेर, मोकळ्या आभाळाखाली ठेवून खऱ्या उन्हात चित्रीकरण केलं. पहिल्या भागात टोकियो टॉवर अर्ध्यातून मोडलेला आहे आणि त्याच्यावर ग्याओस हा पक्षी घरटं करून बसलाय, मागे मावळतीचा सूर्य. मॉडेल बनवणारी म्हणून सांगते, माणसाने हाताने केलेल्या छोट्या गोष्टीचं याहून देखणं चित्रण मी पाहिलेलं नाही. तिसऱ्या भागात शेवटची झुंज क्योटो स्टेशनच्या आत होते. १९९७ साली उघडलेली ती अवाढव्य इमारत, तिचं लोखंडी जाळ्यांचं छप्पर, जिने, सगळं आतून बांधलं. राक्षस घरात शिरलाय अशी घुसमट होते.

हिगुची पुढे २०१६च्या ‘शिन गॉडझिला’चे सहदिग्दर्शक झाले, हिदेआकी आन्नो यांच्या जोडीने. हा ११८.५ मीटरचा, बहुतांशी संगणकावरचा. त्याची चाल मात्र क्योगेन या पारंपरिक रंगभूमीवरचे नट मान्साइ नोमुरा यांच्या अंगावरून घेतलेली. २०११चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात यांच्या छायेत तो बनला. नदीतून उलट वर ढकलल्या जाणाऱ्या बोटी आणि गाड्या बघताना त्सुनामीची चित्रफीत आठवल्याशिवाय राहत नाही. सिनेमाचा अर्धा वेळ बैठकांत जातो आणि मला त्या बैठका आवडतात. शहर वाचवायचं म्हणजे आधी कुठल्या खात्याची सही लागते, हे ज्यांनी दाखवलं ते शहराला ओळखून आहेत.

२०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ पूर्ण उलट वाटेने गेला. ताकाशी यामाझाकी यांनी काळ मागे नेला, १९४७च्या आसपास. राक्षसाची उंची पुन्हा ५० मीटरच्या जवळ आणली. शहर पुन्हा बसकं, पुन्हा गिंझा. म्हणजे नेमकं ते जुनं प्रमाण. काम जवळजवळ सगळं संगणकावरचं, ६१० इफेक्ट्स शॉट्स, आणि करणारे फक्त ३५ जण, तेही दिग्दर्शकासह एकाच छताखाली बसून. मार्च २०२४मध्ये त्यांना व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, गॉडझिलाच्या इतिहासातलं पहिलं. संगणकावर केलेलं म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. पाण्याचा थेंब स्केलला जुमानत नाही ही जुनी खोड त्यांनी अखेर मोडली. त्यातला समुद्र बघा, बोटीमागून येणारं ते डोकं बघा. आणि गॉडझिला लोकलचा डबा तोंडात धरून उचलतो तेव्हा आत लोंबकळणाऱ्या बाईच्या हाताची पकड बघा. ३१ मीटरचं शहर परत मिळालं की माणूसही परत चौकटीत येतो.

आमच्या धंद्यात फ्लॅट विकले गेले की मॉडेल मागच्या गोदामात जातं आणि तिथून भंगारात. महिनोन्महिने घासलेलं काम असं जाताना बघवत नाही. सिनेमाच्या मॉडेल्सचंही वर्षानुवर्षं तेच होत आलं. पण २०१२ साली आन्नो आणि हिगुची यांनी टोकियोच्या समकालीन कलासंग्रहालयात तोकुसात्सुचं मोठं प्रदर्शन भरवलं, उरलीसुरली मॉडेल्स गोळा करून दुरुस्त करवली. त्यानंतर २०२० साली फुकुशिमा प्रांतातल्या सुकागावा या त्सुबुराया यांच्या जन्मगावी तोकुसात्सु आर्काइव्ह सेंटर उघडलं. इमारती, विमानं, रणगाडे आता तिथे फळ्यांवर नीट ठेवलेले आहेत. पुढच्या वेळी जपानला गेले तर टोकियोला एक रात्र कमी करून मी तिथे जाणार. मला त्या इमारतींच्या मागच्या बाजू बघायच्या आहेत, कॅमेऱ्याला कधी दिसल्या नाहीत त्या.

तुम्ही यातलं काहीच बघितलं नसेल तर १९५४चाच लावा, पण मूळ जपानी, ९६ मिनिटांचा, सबटायटल्स घेऊन. १९५६ साली अमेरिकेत रेमंड बर या नटाला मध्ये घालून त्याची कापाकापी केलेली आवृत्ती काढली आणि जगभर बरीच वर्षं तीच फिरली. त्यात नागासाकीचा उल्लेख गेला. मूळ सिनेमा लावला की दिवे घालवा आणि फोन बाजूला ठेवा. तो आला की त्याच्याकडे बघाच, पण एक डोळा त्याच्या पायाशी असलेल्या दुकानांवर ठेवा. पाट्या वाचता येतात.